खाजकुयलीचा तास

माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओलं शेण होतं, म्हणून मला गाल झाकता आला नाही. मोठ्या मॅडमची थप्पड कानशिलावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली. मी तोंड उघडायच्या आत दुसरी बसली. समोर तिसरीचा अख्खा वर्ग उभा होता. त्यात माझी पोरगी होती.

"शेण फासतेस माझ्या मुलांना? तुमच्या बेड्यावर फास!"

बेडा म्हणजे आमची वस्ती. आम्ही फासेपारधी. अमरावतीहून वलगावकडे जाताना नाल्याच्या काठाला आमची वीस-पंचवीस घरं आहेत, तो बेडा. मॅडमच्या तोंडून तो शब्द असा येतो की ऐकणाऱ्याने आपला खिसा चाचपून बघावा. या मोठ्या मॅडम म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि शाळाही त्यांच्याच घरची. मी तिथली मावशी. झाडायचं, पुसायचं, मागची बाग बघायची. दोन वर्षं मी त्या मातीत राबले आणि त्या दिवशी त्याच मातीत, पोरांसमोर, मार खाल्ला.

मार नवा नव्हता. मार आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतो. पण त्या दिवशी जे घडलं ते माझ्या पोरीच्या मनावर बसलं, आणि ते मी सोडणार नाही. म्हणून लिहिते आहे. सगळं लिहिते आहे, माझी चूकसुद्धा.

शाळा इंग्रजी, चौथीपर्यंतची. मागे पाच एकर मोकळी जमीन, कोपऱ्यात गाईंचा गोठा. दोन वर्षांपूर्वी तिथे मातीतला तास सुरू झाला. पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, चिडतात, झोपत नाहीत, परीक्षा म्हटली की पोट दुखतं, अशा आईबापांच्या तक्रारी होत्या. मग पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांना सगळे निसर्गवाल्या मॅडम म्हणायचे. आवाज एकदम मऊ. आठवड्यातून दोन सकाळी सगळा वर्ग बाहेर. झाडाखाली बसायचं, चिखलात खेळायचं, पक्षी ऐकायचे, मग गोल करून बसायचं आणि आज मनात काय आहे ते सांगायचं. प्रत्येक पोराचा एक कागद. त्यावर हसरा चेहरा, रडका चेहरा, रागावलेला चेहरा. ज्याला जसं वाटतं त्याने तसं रंगवायचं.

हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका डॉक्टरची पोरगी होती वर्गात, शर्टाची कॉलर चावून चावून चिंध्या करायची. चाचणीच्या दिवशी ओकायची. ती माझ्याशेजारी उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघायला लागली. एक तास, दोन तास. दिवाळीनंतर तिची कॉलर कोरडी राहायला लागली. झाडाखाली पोरगं निवतं, हे खरं आहे. आमच्या लोकांना ते कोणी पुण्याहून येऊन सांगायची गरज नव्हती.

पण त्याच झाडाखाली माझी कोमल मोडली.

कोमल आठ वर्षांची. शिक्षणाच्या हक्कात गरिबांसाठी ज्या पंचवीस टक्के जागा राखतात, त्यातून तिला तिथे प्रवेश मिळाला. तिच्या वर्गात अशी सहा पोरं. निसर्गवाल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात या सहा पोरांचा वेगळा गट केला. नाव ठेवलं मदतगट.

"ह्यांना सवय असते ना बाहेरच्या कामाची," त्या म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या.

झालं. बाकीची पोरं चिखलात खेळणार, मदतगट चिखलाला पाणी आणणार. बाकीची पोरं रोप लावणार, मदतगट खड्डे करणार. बाकीची पोरं गोल करून मनातलं सांगणार, तेव्हा मदतगट नळावर त्यांचे चिखलाचे बूट धुणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार. दोन वर्षांत कोमलने एकदाही चेहरा रंगवला नाही, कारण तिच्या नावाचा कागदच नव्हता.

आणि मी काय करत होते? बघत होते. माझी पोरगी डॉक्टरच्या पोरीचे बूट धूत होती आणि मी चार हातांच्या अंतरावर उभी राहून गोठ्यातलं शेण भरत होते. मी गप्प राहिले. शाळा मिळाली आहे, इंग्रजी मिळते आहे, बूट धुतल्याने हात झिजत नाहीत, असं स्वतःला सांगत राहिले. हा माझा गुन्हा. तो दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

ही गप्प राहायची विद्या मी कुठे शिकले तेही सांगते.

अकोला जिल्ह्यात एका गावात माझं लहानपण गेलं. गावाचं नाव घेत नाही, तिथे अजून माझे चुलते राहतात. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. आम्ही पारध्यांची चार पोरं. गुरुजी आम्हाला वर्गात घेत नसत. "तुमी बाहेर बसा, तुमाले आत कोंडल्यावानी होते," असं वर प्रेमाने सांगायचे. आम्ही निंबाखाली बसायचो. ऊन सरकलं की सरकायचो. पुण्याच्या मॅडम ज्याला शिक्षण म्हणतात ते मला पहिलीपासून फुकट मिळालं.

एका सकाळी शाळेतलं, पोरांना वाटायच्या तांदळाचं पोतं गेलं. गुरुजी, सरपंच, चार मोठी माणसं कुलूप बघत उभी होती. मी धूळ बघत होते. वाटेवर काळ्या मातीची बारीक धूळ, त्यात पावलं स्वच्छ उमटलेली. माझ्या बापाने मला चालायला शिकवलं तेव्हापासून माग वाचायला शिकवलं होतं. मी आठ वर्षांची होते. मला वाटलं, आज गुरुजी मला शाब्बास म्हणतील. मी हात वर केला.

"गुरुजी, पोतं नेणारा डावा पाय वढत चालते. ओझं उजव्या खांद्यावर होतं. तो विहिरीकडून गेला."

गुरुजी माझ्यापुढे आले. "तुले कसं माईत?"

"पाय दिसून राहिले ना."

गुरुजींनी बाभळीचा फोक मागवला. काटे न काढलेला. पाठीवर, पोटरीवर, तळहातावर. फोक मोडला तेव्हा लाकडी पट्टीच्या धारेने बोटांच्या सांध्यांवर मारलं. प्रत्येक फटक्याला एकच वाक्य. "चोराच्या पोरीले चोराची वाट माईत असनच!" दुपारी पोलिसांची गाडी बेड्यावर आली आणि बापाला घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी तो आला तो भिंत धरून. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. मला केसाला धरून ओढलं आणि ज्या हातांनी मला माग दाखवला होता त्याच हातांनी मारलं. आई मध्ये पडली, तिलाही मारलं.

"माईत असलं तरी तोंड उघडू नोको! दिसलं तरी दिसलं नाई मन!"

डावा पाय ओढणारा माणूस गावात राजरोस फिरत राहिला. सगळ्या गावाला माहीत होता तो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आमच्याकडे ती म्हण नाही, रोजचा कारभार आहे. मी मात्र त्या दिवशी शहाणी झाले. पुढे आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले, आणि कधीच, कुठल्याच वर्गात, हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी नाही.

कोमल झाली तेव्हा मी ठरवलं होतं की हिला असं ठेवायचं नाही. मी तिला नाल्याच्या काठाने फिरवायचे. हे काय आहे? रुई. हे? टाकळा. हा कोण बोलला? तितर. हा माग कोणाचा? मुंगसाचा. सांगितलं की मी टाळी द्यायचे. "माईत असलं तर हात वर कर, अन् मोठ्यानं सांग," असं मी तिला शिकवलं. मी शिकवलं.

आता तो दिवस.

जानेवारीतल्या एका शुक्रवारची सकाळ होती. शाळेच्या जमिनीच्या कुंपणावर खाजकुयलीचा वेल चढला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या शेंगांवर तपकिरी, मखमलीसारखी लव असते. दिसायला गोड. पण ती लव अंगाला लागली की माणूस स्वतःचं कातडं ओरबाडून काढतो. आमच्याकडे गुराखीसुद्धा त्या वेलाखालून ढोरं नेत नाही. दिवाळीतच मी निसर्गवाल्या मॅडमना म्हटलं होतं, वेल जाळून टाकते. त्या हसल्या.

"मावशी, कुंपण जंगलीच राहू दे. सगळं साफ करायची आपली सवयच वाईट."

त्या दिवशी स्पर्शाचा तास होता. पोरांच्या डोळ्यांना रुमालाची पट्टी, समोर टोपल्या. एकीत वाळू, एकीत कापसाची बोंडं, एकीत निंबाची साल. आणि दोन टोपल्यांत त्या मखमली शेंगा. मॅडमनी त्या स्वतः तोडल्या होत्या, बागेचे जाड हातमोजे घालून. म्हणून त्यांना काहीच झालं नव्हतं. टोपल्या फिरवायचं काम अर्थातच मदतगटाचं.

मी शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन खताच्या खड्ड्याकडे चालले होते. मी सगळं पाहिलं. दहा-पंधरा पावलांवरून पाहिलं. मॅडमनी एक शेंगांची टोपली पोरांच्या मधोमध ठेवली आणि दुसरी कोमलला उचलायला सांगितली. कोमलने आत बघितलं आणि हात मागे घेतला.

"मॅडम, याले हात लावू नोका. हे खाजकुयली हाये."

"कोमल," मॅडम हळू म्हणाल्या, "ओळखायचं नाही. अनुभवायचं."

"पण मॅडम, आंग सोलून निंगते."

"तुला भीती वाटते आहे. भीतीला सामोरं जायचं असतं."

असं म्हणून त्यांनी हातमोज्यातल्या हाताने कोमलचं मनगट धरलं. कोमलने पाय रोवले. मागे ओढ घेतली. मॅडमनी तिचा हात टोपलीत दाबला आणि धरून ठेवला. वर दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "श्वास घे. श्वास घे." मी घमेलं टाकून पळाले. ते दहा-पंधरा पावलांचं अंतर मला अजून झोपेत दिसतं.

खाज लगेच चढत नाही. थोडं मोजेपर्यंत वेळ देते. तेवढ्या वेळात पट्टी बांधलेल्या अकरा पोरांनी त्या पहिल्या टोपलीत हात घातले होते. शेंगा कुस्करल्या, गालाला लावून बघितल्या. आणि मग एकदम सगळी किंचाळली. कोणी गाल ओरबाडतं, कोणी जमिनीवर लोळतं, कोणी मानेतून रक्त काढलेलं. मॅडम पोरांना नळाकडे ओढायला लागल्या. मी ओरडले, पाणी नका लावू, चोळू नका, पसरते. माझं कोण ऐकतं? मग मी ऐकवायचं सोडून दिलं. घमेल्यातलं ओलं शेण घेतलं आणि पोरांच्या हातांना जाड थापायला लागले. शेण वाळलं की लव त्याच्यासोबत निघून येते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका पोराचा हात, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा.

एका गोष्टीसाठी मी स्वतःला कधी माफ करणार नाही. मी आधी दुसऱ्यांची पोरं घेतली. माझी पोरगी शेवटी ठेवली. ती उभी होती, हात लांब धरून, माझ्याकडे बघत. तिच्यापर्यंत मी पोचायच्या आत मोठ्या मॅडम पोचल्या, आणि ती थप्पड बसली.

कोमल तशीच उभी राहिली. तिच्या हातांना शेण लागलंच नाही.

दुपारपर्यंत पोरांचे आईबाप आले, डॉक्टर झाले, मलम झाले. आणि दुपारपर्यंत गोष्टही तयार झाली. मला आणि कोमलला ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"तुझ्या पोरीला आधीच कसं माहीत होतं?" मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"तिले झाडं ओयखू येते, मॅडम."

"हेच तर म्हणते मी. माहीत होतं, म्हणजे तुम्ही मायलेकींनीच टोपलीत टाकलं."

तीस वर्षांनंतर तोच फोक. फक्त आता बाभळीचा नव्हता. मी निसर्गवाल्या मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या नखं बघत होत्या. मग त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "मुलीच्या मनात राग साठलेला आहे. घरचं वातावरण असतं एकेकाचं." आणि त्यांनी एक कागद पुढे केला. वर कोमलचं नाव. खाली लिहिलेलं, आक्रमक वृत्ती, खोटं बोलते, इतर मुलांपासून वेगळी बसवावी. दोन वर्षांत माझ्या पोरीच्या मनाचा पहिला कागद निघाला तो हा.

दुसरा कागद माझ्यासाठी होता. माफीनामा, टाइप केलेला. शेंगा मी ठेवल्या, मुलीने ते लपवलं, आम्ही क्षमा मागतो. सोमवारी सगळ्या पालकांसमोर सही करायची. नाहीतर दाखला घेऊन चालतं व्हायचं.

कोमल घरी आली ती बोलली नाही. हातपंपाशी बसली आणि विटेच्या तुकड्याने हात घासायला लागली. मी शेण लावलं, तेल लावलं, खाज उतरली, तरी ती घासायची. कातडं निघालं, खालचं लाल मांस दिसलं. वीट काढून घेतली की भिंतीवर घासायची. रात्री अंथरूण ओलं केलं. भूक नाही, रडू नाही, शब्द नाही.

माझा नवरा गवंड्याच्या हाताखाली जातो. त्याच्या बापाला एकदा पोलिसांनी नेलं होतं तो परत आलाच नाही. माफीनामा बघून नवरा म्हणाला, "सही करून टाक. आपल्याले कोन इचारते? पोट्टी शिकून राहिली, शिकू दे." तो भित्रा नाही. त्याला आमचा हिशेब माहीत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण पोरगी शाळेत. मीही मनात सही करून मोकळी झाले होते. खरं तेच लिहिते.

मग रविवार आला. मी चुलीपाशी होते, कोमल दारात. शेजारणीचं वर्षाचं बाळ अंगणात रांगत होतं. त्याच्या हातात धोतऱ्याचं फळ आलं, फुटलेलं. बिया मुठीत. कोमलने बघितलं. धोतरा काय असतो हे ती चार वर्षांची असल्यापासून ओळखते. बाळाने मूठ तोंडाकडे नेली. कोमल बघत राहिली. तोंड बंद.

मी कशी धावले मला कळलं नाही. बाळाच्या तोंडात बोट घालून बिया काढल्या. बाळ भोकाड पसरून रडलं, म्हणजे जगलं. आणि मी वळून कोमलच्या थोबाडीत मारली. जिवाच्या आकांताने मारली. "दिसलं होतं ना तुले? काहून नाई बोलली? काहून?"

ती रडली नाही. गालाला हातही लावला नाही. शुक्रवारपासून पहिल्यांदा बोलली.

"माईत असलं तरी सांगू नोये."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्या बापाचं वाक्य मी घरात एकदाही उच्चारलेलं नाही. ते तिला त्या ऑफिसात उभं राहून आपोआप समजलं होतं. मला समजायला बाभळीचा फोक लागला, तिला मऊ आवाज पुरला. आणि माझा हात अजून हवेत होता. तो माझा नव्हता. तो माझ्या बापाचा होता, गुरुजींचा होता, मोठ्या मॅडमचा होता. मी तो खाली आणला आणि दाताने करकचून चावला, रक्त येईपर्यंत. त्या हाताने आता सही होणार नव्हती.

सोमवारी मी ऑफिसात गेले. पालक खुर्च्यांवर बसलेले. कॉलर चावणाऱ्या पोरीची आई, डॉक्टरीणबाई, पहिल्या रांगेत. मोठ्या मॅडमनी पेन पुढे केलं आणि अंगठ्याची शाईसुद्धा उघडून ठेवली. मी पेन घेतलं. माफीनामा उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. वेल कोणी राहू दिला, शेंगा कोणी तोडल्या, हातमोजे कोणाच्या हातात होते, माझ्या पोरीचं मनगट कोणी धरलं, मला कोणी मारलं. सगळं. ओळ सरळ, अक्षर वळणदार.

"तुला लिहिता येतं?" मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"बारावी शिकली मी. तुमी कधी इचारलं नाई."

खाली सही केली. याची झेरॉक्स काढून ठेवा आणि पोच द्या म्हटलं. त्यांनी कागद ओढला. मी सोडला नाही. त्यांनी शिपायाला आणि गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. एकाने दंड पिरगाळला, दुसऱ्याने अंबाडा धरला. मी टेबलाची कड धरून ठेवली. खुर्च्यांवरचं एकही माणूस उठलं नाही. डॉक्टरीणबाई आपल्या मांडीकडे बघत होत्या. ज्यांच्या पोरांना मी हाताने शेण लावून वाचवलं, त्यांच्यासमोर मला फरशीवरून फरफटत नेलं. दाराच्या उंबऱ्यावर गुडघा फुटला. कागद मात्र माझ्या मुठीत होता.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. आमच्या घराण्यात ठाण्यात स्वतःच्या पायांनी चालत गेलेलं पहिलं माणूस मी. दारातला शिपाई मला बघून म्हणाला, "काय चोरलं बे?"

"काई नाई चोरलं. तकरार द्याले आली."

तो हसला. आतला हसला. साहेब नाहीत, उद्या ये, परवा ये, बाई आपसात मिटवून टाक. मी बाकावर बसले. गुडघ्यातलं रक्त बाकावर वाळलं. जेवायला गेले, आले, मी बसलेलीच. संध्याकाळी त्यांना लिहून घ्यावं लागलं. मारहाण लिहा म्हटलं. जातीवरून शिवी लिहा म्हटलं. लहान पोरीचा हात जबरदस्तीने टोपलीत दाबला, ते पहिल्या ओळीत लिहा म्हटलं. वाचून दाखवा म्हटलं, आणि दोन ठिकाणी चुकवलेलं होतं ते खोडायला लावलं.

साक्षीदार कोण, असं आता सगळे विचारतात. वर्गातल्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मदतगटातल्या पाच पोरांनी पाहिलं, पण त्यांच्या आईबापांच्या घरी शाळेतून निरोप गेले आहेत. ती बिचारी माझी नजर चुकवतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. मीही दोन वर्षं नजर चुकवलीच की.

नोकरी गेली. पण कोमल शाळेत जाते. चौथी होईपर्यंत तिला तिथून कोणी काढू शकत नाही, तसा कायदा आहे, तो मी वाचला आहे आणि त्याची झेरॉक्स तिच्या दप्तरात ठेवली आहे. रोज सकाळी मी तिला वर्गाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. फाटकावरचा माणूस अडवतो, मी अडत नाही. मातीच्या तासाला मी कुंपणाबाहेर उभी असते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा तिच्या हातात बूट दिले. मी तारेतून ओरडले, "कोमल, खाली ठेव!" सगळ्या वर्गाने ऐकलं. तिने ठेवले. ती अजून बोलत नाही. हातांवर खपल्या आहेत, त्या ती उचकते. बरी होईल का, मला माहीत नाही. सरकारी दवाखान्यातली मनाची डॉक्टरीण म्हणते वेळ लागेल, आणि मी तिला नाल्याच्या काठाने फिरवायचं थांबवू नये. मी थांबवलेलं नाही. ती नुसती चालते. विचारलं तर मान फिरवते.

परवा शाळेचा माणूस बेड्यावर आला. केस मागे घे, नोकरी परत देतो, पोरीला मदतगटातून काढतो, चेहऱ्यांचा कागद देतो, वर काय हवं ते सांग. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. अख्खा बेडा बघत होता. मी त्या माणसाला सांगितलं ते असं.

"मले काईच नोको. ज्या मॅडमनं तिचा हात दाबला तिनं सगळ्या वर्गापुढं माह्या पोट्टीले सांगावं, कोमल, तू बरोबर होती. एवढंच. ते सांगेपर्यंत केस चालन. कोर्टात चालन, कलेक्टरपुढं चालन, मी मेली तर हे पोट्टी चालवन."

तो म्हणाला, एवढ्या मोठ्या बाईने एका पारध्याच्या पोरीपुढे असं कसं म्हणायचं?

मी म्हटलं, तेच तिले शिकवाचं हाये. आमी शिकवू.